वरचं सगळं बंद

२ मार्च

मावशी,

बाळ छान आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण तू पत्राचा शेवट आधी वाचतेस आणि मग दिवसभर छातीवर हात ठेवून बसतेस. काल फोनवर मी घसा फुटेस्तोवर ओरडत होते, आणि तू पलीकडून म्हणालीस, "हो हो, इकडेही उकडतंय." तेव्हा आपलं पत्रच बरं.

नाव अजून ठरलेलं नाही. आमच्या शर्टांच्या कारखान्यातून काज-बटण खात्यातल्या बायका बघायला आल्या होत्या. एवढुसं नाक बघून एक म्हणाली, ही तर शर्टाची गुंडी. तेव्हापासून गुंडीच. गुंडीचा बाबा आठ दिवस राहिला आणि परत ट्रक घेऊन गेला. महिनाअखेरीला येईल.

आता खरं सांगते. मला दूध पुरत नाही गं. ती ओढत राहते, दमते, मग माझ्याकडे बघून रडते. घरी येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, आधी अंगावर पाजा, मग वरचं दूध द्या, त्यात लाज कसली. मी देते. पण बाटली तिच्या तोंडाला लावताना मला वाटतं, मी तिला फसवतेय. सगळ्या बायकांना जमतं ते मलाच कसं जमत नाही?

तुझ्या जडीबुटीच्या दुकानातल्या बाकावर बायका यायच्या आणि तू त्यांना दूधकाट्याचं बी बांधून द्यायचीस, ते आठवतंय मला. मला पाठवशील? कसं घ्यायचं तेही लिही. तू सांगशील तसं करीन.

तुझी
ठकू


७ मार्च

ठके,

शेवट आधी वाचते म्हणे! म्हातारपणी माणसाला थेट मुद्द्यावर यावं लागतं, तुझ्यासारखा वेळ नाही माझ्याकडे.

एवढंच ना? आणि त्यासाठी रडत बसलीस? मला वाटलं आभाळ कोसळलं.

सोबत डबीत बी आहे. तपकिरी, चकचकीत, आणि दगडासारखं कडक. अख्खं गिळलंस तर जसं गेलं तसं बाहेर येईल. खलबत्त्यात भरड कुट. अगदी पूड करू नकोस, तेल सुटून खवट होते. आणि लागेल तेवढंच कुटत जा. चमचाभर भरड पेलाभर पाण्यात झाकण ठेवून उकळायची, गाळून कोमट प्यायची, जेवणानंतर. कडू लागेल, तोंड वाकडं कर आणि पी.

आमचे दादा, तुझे आजोबा, हे बी काविळीच्या माणसाला द्यायचे. आडवा हात मारून जेवलेला कुणी पोट धरून आला तर त्याला द्यायचे. दारुड्यांच्या बायका नवऱ्याच्या काळजीनं पदराआड लपवून न्यायच्या. दुधासाठी द्यायला सुरुवात केली ती माझ्या आईनं. त्या झाडाचं पान बघितलंयस ना? हिरव्यागार पानावर दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या रेघा. आई म्हणायची, झाडानं आपला गुण अंगावरच लिहून ठेवलाय, आपल्याला वाचता यायला हवं.

आणि एक ध्यानात ठेव. बी सुरू आहे तोवर वरचं सगळं बंद. दोन डगरींवर पाय ठेवलास तर दोन्हीकडून जाशील. पी हळद अन् हो गोरी असं काही होत नसतं, जरा दम धर. आमच्या घराण्यात औषधाला आजवर खाली मान घालावी लागलेली नाही, तुझ्यामुळे लागू देऊ नकोस.

गुंडीचा पापा घे. नाव बरं ठेवलंत, निदान हरवली तर शोधाल तरी.

मावशी


१५ मार्च

मावशी,

डबी मिळाली. तू लिहिलंस तसं त्याच दिवसापासून सुरू केलं. वरचंही त्याच दिवशी बंद केलं. बाटली धुतली, पुसली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली, समोर दिसली की हात जातो म्हणून.

सुरुवातीला खूप रडली. मी तिला छातीशी धरून खोलीभर येरझारा घालत होते आणि तुझं वाक्य घोकत होते, दम धर, दम धर. आता शांत झालीय. खूप झोपते. पाजायलासुद्धा उठवावं लागतं, दोन घोट घेते आणि परत झोपते. लंगोटही फार ओले करत नाही, धुणं निम्म्यावर आलं माझं.

नर्सबाई येऊन गेल्या. मी दार उघडलं नाही. त्या परत बाटलीचंच म्हणणार, आणि मला आता मधेच माघार घ्यायची नाही.

दूध येतंय मावशी. येतंय असं वाटतं.

ठकू


२० मार्च

ठके, ठकूताई, ठकूबाईसाहेब,

तुझं पत्र मी आधी सुरुवातीपासून वाचलं, मग शेवटापासून वाचलं, मग दुकानात बसून मोठ्यानं वाचलं. मी मोठ्यानं वाचते तेव्हा ते चौकापर्यंत जातं, तुला माहीतच आहे. शिंपी येऊन म्हणाला, मावशी, अभिनंदन, कुणाला दूध आलं? मेला!

झोपते म्हणजे पोट भरलंय तिचं. भुकेलं लेकरू कधी झोपलेलं बघितलंयस? मी काय सांगत होते तुला!

आता गंमत ऐक. समोरच्या बेकरीवाल्याची बायको बाळंत झालीय. मुलगा. तिचंही तुझंच रडगाणं. सासू नाही, आई लांब, मग धरली माझी वाट. मी तिला तुझं पत्र दाखवलं. म्हटलं, ही बघ, माझ्या हाताखाली वाढलेली मुलगी, कसं सरळ ऐकलं आणि कसं झालं. तिनं विचारलं, बाटलीपण बंद का मावशी? मी म्हटलं, वरचं म्हणजे सगळं वरचं, बाटलीपण. माझ्या भाचीनं केली ना? मान हलवून गेली बिचारी. रोज संध्याकाळी खिडकीतून मला हात करते.

एक तुझ्यामुळे सुरू झालं, आता बघ, दहा जणी येतील.

तुझी अभिमानानं फुगलेली
मावशी


२९ मार्च

मावशी,

उत्तराला उशीर झाला. गुंडीला जरा बरं नव्हतं. आता बरी आहे. गुंडीचा बाबाही येऊन गेला मधे.

मी बरी.

बेकरीवाल्याचं बाळ कसं आहे? त्याचं वजन केलं का कुणी? सहज विचारते. त्यांना म्हणावं एकदा करून घ्या. बेकरीत काटा असेलच, पण दवाखान्यातला बरा. लंगोट किती वेळा ओले होतात, तेही विचार. आणि तो झोपतो का फार?

ठकू


२ एप्रिल

ठकू,

हे काय पत्र झालं? चार ओळी तुमच्या आणि बाकी सगळी चौकशी बेकरीवाल्याच्या पोराची! वजन कशाला करायचं, बाळ आहे की मैदा?

मला कळतं बरं का. तुला वाटतंय म्हातारी आपल्या नावाचा डंका पिटत फिरतेय. तुला आवडलं नसेल तर तसं सांग. आडून आडून बोलायची तुला सवय नव्हती, सासरी लागलेली दिसते. आणि सासरी तर सासूही नाही, मग कुणाकडून शिकलीस?

तो पोरगा गुणाचा आहे. तिनं सांगितलं, दिवसभर झोपतो, आवाज म्हणून नाही. अगदी तुझ्या गुंडीसारखा.

गुंडीला काय झालं होतं, ते तू लिहिलं नाहीस. सर्दी ना? टाळूला तेल लाव.

मावशी


५ एप्रिल

मावशी,

हे पत्र तातडीच्या टपालानं पाठवतेय. वाचून झालं की, नाही, वाचून होण्याआधीच, चप्पल घाल आणि समोर जा. त्या बाळाला लगेच दवाखान्यात न्यायला सांग. आजच्या आज. आणि वरचं दूध सुरू करायला सांग. मग घरी येऊन पुढचं वाच.

गेलीस का?

गुंडीला सर्दी झाली नव्हती. गुंडी उपाशी होती. मला दूध आलंच नव्हतं मावशी. येतंय असं मी लिहिलं, कारण तसं लिहिलं की येईल असं मला वाटत होतं. तुझी डबी आल्यावर माझ्याच्यानं नाही म्हणवेना. ती झोपत नव्हती, तिच्यात रडण्याएवढंही त्राण उरलं नव्हतं. एके सकाळी मी तिला उठवायला गेले तर ती उठेचना. ओठ कोरडे, टाळू आत गेलेली. मी तिला दुपट्यात गुंडाळलं आणि तशीच धावले, पायात चपलासुद्धा नव्हत्या.

दवाखान्यात तिच्या एवढ्याशा हातात सुई घातली. डॉक्टरीणबाई तरुण आहे, माझ्याच वयाची. तिनं विचारलं, वरचं दूध का बंद केलं? मी म्हटलं, आमच्या घरी बी देतात. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, बी खाल्लंत तुम्ही, भूक तिची होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून ती थांबली, आणि मी तिचं वाक्य मनातल्या मनात पुरं केलं. अजून रोज करते.

आता ती वाचलीय. बाटलीनं पिते, अधाशासारखी. गुंडीच्या बाबाला मी ताप म्हणून सांगितलं. त्यालाही खोटंच.

आणि एवढं सगळं होऊन मी तुला काय लिहिलं, तर "जरा बरं नव्हतं." तिकडे एक बाळ माझ्या पत्रावर उपाशी झोपलंय हे माहीत असून! तू बाकावर बसून मोठ्यानं वाचलंस ते माझं खोटं होतं. काल तुझं पत्र आलं, "आवाज म्हणून नाही" हे वाचलं आणि तशीच उठले. मी बेकरीत फोन केला. बेकरीवाल्यानं उचलला. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाला, "अहो ताई, तुमचे उपकार कसे फेडू!" आणि मी फोन ठेवला. ठेवला मी, मावशी.

मग परत केला. सांगितलं सगळं. म्हटलं, बाळाला घेऊन आत्ता जा. तो घाबरला, पण म्हणाला, मावशींना विचारतो, त्या म्हणतील तसं. मी म्हटलं, मावशीला फोनवर ऐकू येत नाही, तू कागदावर लिहून दाखव तिला. तर म्हणतो, "मावशींना मी शिकवू?" तो येणार नाही तुझ्याकडे. तुझ्यासमोर कुणाचं काही चालत नाही, माझंही कुठं चाललं?

मी स्वतः आले असते. पण तिला प्रवास नको म्हणालेत, आणि तिला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची माझी हिंमत होत नाही. माझ्या हातात द्यायचीही होत नाही, पण इथे मीच आहे.

मला हवं ते बोल. नंतर. आधी समोर जा.

ठकू


८ एप्रिल

ठकू,

मी गेले. दुकान उघडं टाकून गेले, गल्ल्यावर कुणी नव्हतं, आणि रस्त्यात सायकलवाल्यानं शिव्या घातल्या त्या मला ऐकू आल्या नाहीत.

बेकरीवाल्याचं बाळ बरं आहे. आधी हे वाच, मग बाकीचं.

बेकरीच्या मागच्या खोलीत तिला गाठली. मी म्हटलं, बाळाला दवाखान्यात ने, आत्ता, आणि बाटली दे. ती रडायला लागली, माझे पाय धरायला निघाली. म्हणाली, मावशी, रागावू नका, बाटली मी बंद केलीच नव्हती. मैद्याच्या पोत्यामागं दुधाच्या पावडरीचा डबा ठेवलेला होता, नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. तुम्ही विचाराल म्हणून रोज खिडकीतून हसून हात करायचे, म्हणाली. बी तिनं घेतलं, कडू लागलं म्हणून दोनदाच. पोरगा पोट भरतं म्हणून झोपतो, आणि जागा झाला की असा बोंबलतो की मलासुद्धा ऐकू आला. तरी आम्ही त्याला नेलं, वजन केलं. चांगला गलेलठ्ठ आहे.

ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. तिनं केलं. ती माझ्याशी खोटं बोलली म्हणून तिचं लेकरू सुखात राहिलं. तू माझं ऐकलंस म्हणून तुझं जात होतं. मी कालपासून हे वाक्य उलटसुलट करून बघतेय, कुठूनही वाचलं तरी तसंच निघतं.

आता माझं ऐक. हे पत्र मी आधी एकदा लिहिलं होतं. त्यात लिहिलं होतं की आमच्या दुकानात "वरचं" म्हणजे औषधावर घेतलेलं दुसरं औषध. एकावर एक काढे, गोळ्या, शेजारणीचं काहीबाही. दादा प्रत्येक पुडीबरोबर म्हणायचे, वरचं सगळं बंद. मी तुला तेच लिहिलं होतं. बाळाच्या दुधाबद्दल नव्हतंच ते, मूल नाही झालं मला, माझ्या डोक्यात वरचं म्हटलं की बाटली येत नाही. तू चुकीचं वाचलंस, असं लिहिलं होतं आणि खाली सही केली होती. सगळं खरं होतं.

मग ते फाडलं. कारण तुझं दुसरं पत्र आलं, त्यात बाटली फळीवर ठेवल्याचं होतं, ते मी वाचलं होतं ठकू. तीनदा वाचलं म्हटलं ना मी तुला? पहिल्यांदा वाचलं तेव्हा चरकले. म्हटलं, अगं बाई, हिनं दूधच बंद केलं की काय. पण पुढच्या ओळीत होतं, बाळ शांत आहे, दूध येतंय. मग मला वाटलं, जमलंय ना, मग कशाला बोला. उलट बाटली बंद केली म्हणूनच जमलं असेल. आणि बेकरीवालीनं सरळ विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, बाटलीपण. शब्दाचा तो अर्थ तू लावलास, पण मला तो आवडला म्हणून मी ठेवून घेतला. एका ओळीचं पत्र टाकलं असतं, "ठके, बाटली चालू ठेव," तर? मी नाही टाकलं. मी चौकात वाचत बसले.

आई म्हणायची पानावर दूध लिहिलंय. मी इतकी वर्षं बांधून दिलं आणि एकाही बाईला परत बोलावून विचारलं नाही, खरंच आलं का गं? दूध आल्याचं सांगणाऱ्या परत आल्या, बाकीच्या आल्याच नाहीत. न येणाऱ्या बाईचं काय झालं असेल, हा विचार मला आजवर शिवला नाही. आणि ज्या आल्या त्यांतल्या किती जणी मला बरं वाटावं म्हणून दूध आल्याचं सांगून गेल्या, देव जाणे. दोन पोरी माझ्या समोर खरं बोलू शकल्या नाहीत. काय तोंड आहे गं माझं, की लेकरू उपाशी ठेवणं परवडलं पण मावशीला नाही म्हणणं परवडेना?

काविळीवाले येतात त्यांना आधी डॉक्टरकडं जाऊन या म्हणते आता. दुधासाठी बी द्यायचं मी बंद केलंय. पण त्यानं तुझं काही भरून येत नाही, कळतंय मला.

मला तिला बघायचंय. रेल्वेचं तिकीट काढलेलं नाही. तू हो म्हणशील तरच काढीन. नाही म्हणालीस तरी तुझं बरोबरच असेल.

मावशी


१४ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र मी गुंडीच्या बाबाला वाचून दाखवलं. गुंडीच्या आधी पाचव्या महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं होतं तेव्हा तो जसा बसला होता तसा बसला. मग म्हणाला, ताप होता म्हणालीस ना? मी म्हटलं, खोटं बोलले. तो उठून बाटली उकळायला गेला. अजून नीट बोलत नाही माझ्याशी. पण पाजतो तोच, माझ्या हातून बाटली काढून घेतो, आणि मी काढू देते.

तू चुकलीस असं मी म्हणणार नाही आणि नाही चुकलीस असंही म्हणणार नाही. तुझ्या एका ओळीची मी वाट बघायला हवी होती का? मला समोर दिसत होतं. लंगोट कोरडे होते ते मीच मोजत नव्हते, खूश होत होते. तुझ्याकडे तर नुसता कागद होता.

ये म्हणावंसं वाटतं. तुझ्याशिवाय आहे कोण मला? आणि तू दारात उभी राहिलीस तर मी तिला उचलून आतल्या खोलीत नेईन आणि कडी लावीन, असंही वाटतं. दोन्ही खरं आहे, कुठलं जास्त ते मला ठरवता येईना.

तू ये. मी कडी लावली तर लावू दे. बाहेर बसून राहा, हाका मारू नकोस. मी आणीन तिला बाहेर.

ठकू